सोताच्या गाडीनं

आमच्या घरासमोर ट्रक उभा असतो, असं वस्तीतले लोक पत्ता सांगताना म्हणायचे. खरं म्हणजे ट्रकसमोर आमचं घर उभं होतं. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या दोन कवेलूच्या छपराच्या खोल्या गाडीमागे अशा लपायच्या की नवा माणूस आधी टायरला टेकून दम खायचा आणि मग विचारायचा, सुखदेवचं घर कुठं आहे गा? गाडी लढाईच्या काळातली, लष्कराने वापरून फेकलेली, पेट्रोलवर चालणारी. ती माझ्याकडे कशी आली ते सांगत बसत नाही. आली, आणि माझी झाली, एवढं पुरे. वस्तीने तिचं नाव बुढी ठेवलं होतं. मी तिच्यात कन्हानची रेती भरायचो, कधी कोराडीच्या पावरहाऊसची राखड, आणि माझ्याएवढा सुखी माणूस तेव्हा साऱ्या नागपुरात नसेल. मी दुसरी शिकलो आणि शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे. पण बुढीचा प्रत्येक बोल्ट मला तोंडपाठ होता.

दुपारी तिची सावली अंगणात पडली की माझी आई तिथे सूप घेऊन बसायची. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. कैचीचा कच-कच आवाज आणि मधेच दोरा तुटण्याचा बारीक टक असा आवाज, त्यावर माझं बालपण झोपलं आणि उठलं. आई विड्या वळायची आणि बायजाआत्या त्या ओढायची. आत्या म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. बाप गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. आई कुरकुरली की विकायचा माल फुकून राहिल्या, तर आत्या म्हणायची, "परीक्षा करून राहिली वं मी. वाईट निघाली तं शेठ तुलेच बोलंल." संध्याकाळी वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर, सणाला कोथिंबीर भरलेली सांबारवडी, आणि आत्याच्या अंगात आलं तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे पानगे. पानग्याला राख लागलेली असायची. ती फुंकून, तूप नसलं तर तेलात बुडवून खायचो. आता सून गॅसवर पानगे करते. छान करते. पण राखेशिवाय मला ते उपाशी वाटतात.

बुढीला एक दुखणं होतं. धावताना वाघीण, पण पायाखालची रेस सोडली की तिचं काही खरं नव्हतं. गॅरेजातले लोक म्हणतात ना, गाडी स्लोवर उभी राहत नाही, तसं. एका जागी उभी असली की आपोआप चढायची, गुर्रर्र, मग खाली यायची, मग पुन्हा चढायची, आणि मग एक उचकी देऊन बंद. आई घरात बसून सांगायची, सुखा कोपऱ्यावर आला, ऐका, उचकी लागली. इंजिनाच्या डोक्यावर कारबोरेटर असतो. हवा आणि पेट्रोल घुसळून तो इंजिनाला पाजतो. बुढीचा कारबोरेटर दोन बोल्टांवर बसलेला, आणि त्याच्या बुडाखाली पुठ्ठ्याचं गॅस्केट. माझा मारोतीमामा मिलमध्ये होता, तालमीत जायचा, त्याचं मनगट माझ्या दोन्ही हातांत मावत नसे. तो दर रविवारी यायचा, पान्याला लोखंडी नळी लावायचा आणि ते दोन बोल्ट कसायचा. नंतर मी कसायचो. आमच्या वस्तीत कोणाचीही कसलीही वस्तू हलत असली की तिला कसायची, हाच धर्म होता. खाट, सायकल, पोरगा, सगळ्यांना एकच औषध. पुढे जे झालं त्यावरून नातू मला म्हणतो, आजोबा, तुम्हीच बिघडवलं. मी आजही सांगतो, कसण्यात चूक नव्हती. लोखंड असतं तर टिकलं असतं. कारबोरेटरचं बूड बेटं जस्ताचं होतं.

माझं लग्न ठरलं कुहीच्या बळीरामजींच्या मुलीशी. धानाची शेती, माणूस कमी बोलणारा. त्यांच्या मनात दुसरा मुलगा होता, कोराडीच्या पावरहाऊसात लागलेला, नात्यातलाच. क्वार्टर, पक्की नोकरी, भोंगा वाजला की घरी. आणि इकडे मी, रेतीवाला, ज्याची गाडी कोपऱ्याकोपऱ्यावर उचक्या देते. ही गोष्ट कुहीपर्यंत पोचली होती. घरात सगळे जमले असताना कोणीतरी म्हणालं की रेतीवाल्याचं वऱ्हाड बैलं लावून ओढून आणावं लागेल. सगळे हसले. तेव्हा इंदू, म्हणजे ती मुलगी, दाराआडून पुढे आली आणि बापासमोर बोलली, "तो सोताच्या गाडीनं येईल. पाहासान तुम्ही." हे मला तिच्या मावसभावाने सांगितलं. मी तिचा आवाज तोवर ऐकलेला नव्हता. पाहायला गेलो तेव्हा तिने मान वर केली नव्हती आणि मी घाबरून पोहेच पाहत होतो. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या पायाला जमीन लागेना. हप्ताभर मी रेती भरताना गात होतो. गळा माझा कावळ्याचा, म्हणून मजूर लोक मला पैसे नको पण थांब म्हणायचे.

लग्नाच्या सकाळी बुढीला धुतली, पुसली, पुढच्या जाळीला झेंडूच्या माळा बांधल्या. मागे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून त्यावर सतरंज्या, त्यावर सारी वस्ती. आमच्या बौद्ध लग्नात नवरदेव-नवरी पांढऱ्या कपड्यात उभे राहतात. आईने शिवून घेतलेला माझा सदरा इतका पांढरा होता की त्याच्याकडे पाहायला डोळे मिचकावावे लागत. इंदूची पांढरी साडी पुठ्ठ्याच्या खोक्यात, तिला द्यायचा आरसा चादरीत गुंडाळून आत्याच्या मांडीवर. गाडी कोण चालवणार यावर थोडी बाचाबाची झाली. नवरदेवाने स्टेरिंग धरू नये असं आईचं म्हणणं. मी म्हणालो, मी नाही चालवली तर तिचा शब्द कसा खरा होईल? आईला त्या शब्दाचं माहीत नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पण माझ्या तोंडाकडे पाहून ती मागे जाऊन बसली.

उमरेडच्या रस्त्यावर बुढीने उन्हाळ्याच्या हवेत अशी दौड मारली की मागच्या बाया ओरडून गात होत्या. मग कारबोरेटरमधून फट असा आवाज झाला. मग पुन्हा. बायांना वाटलं मी मुद्दाम फटाके वाजवतो आहे. त्यांनी टाळ्या पिटल्या. मी आतून घामाघूम. कुहीच्या फाट्यावर वळायला रेस कमी केली तर बुढी मेली. पुन्हा चालू केली. गिअर बदलायला पाय उचलला तर पुन्हा मेली. असं मरत जगत आम्ही कुहीच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली आलो आणि तिथे तिने चालायचं सोडलं. इंजिन चालू व्हायचं, पण मी रेस दाबून ठेवली तरच, आणि तेही असं गुरगुरत की पुढे जायची हिंमत होईना.

गाव दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मांडवातला भोंगा वाऱ्यावर सरळ आमच्या झाडाखाली येत होता. गाणं थांबवून कोणीतरी सांगत होता की वऱ्हाडी मंडळी रस्त्यात आहेत, मंडळींनी जागा सोडू नये. थोड्या वेळाने तोच आवाज म्हणाला, चहा दुसऱ्यांदा कोणी घेऊ नये. आमच्या गाडीतली पोरं हसून लोळली. मी सदरा काढून आईकडे दिला आणि बनियनवर बॉनेटमध्ये शिरलो. प्लग काढून पुसले. पेट्रोलची नळी तोंडाने फुंकली, तोंडात पेट्रोल आलं, थुंकलो. मारोतीमामा म्हणाला, सरक, आणि नळी लावून ते दोन बोल्ट पुन्हा कसले, असे कसले की त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. चालू केली. आधीपेक्षा वाईट. मामा पान्याकडे असा पाहत राहिला जसं काही पान्यानेच त्याला कुस्तीत हरवलं.

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. वऱ्हाड शोधत निघालेले बळीरामजी. दोन पांढरे बैल, खांद्यावर जाड दोराची वेटोळी, डोक्याला नवा फेटा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बैल सावलीत उभे केले, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, पोरीनं सकाळपासून पाण्याचा घोट नाई घेतला. म्हणते, गाडी आल्यावर. मी दोर आणला हाय. तुम्ही म्हणसान तं जुंपतो. पण बैलामागं गाडी आली तं कोराडीवाले मांडवातच बसून हायेत. ते पोरीले जन्मभर ऐकवतीन."

"मंग?" मी म्हणालो.

"मंग मी बसतो. तुम्ही पाहा."

आणि खरंच ते झाडाच्या मुळावर बसले, दोर मांडीवर ठेवून. मला त्या माणसाचा आदर तिथूनच वाटायला लागला. मुहूर्ताची आमच्यात भानगड नाही, ते एक बरं. पण तहानलेल्या मुलीला मुहूर्त नसला तरी घसा असतो.

मामाला मी रेसवर पाय ठेवून बसवलं आणि चालत्या इंजिनावर ओणवा झालो. आता बायजाआत्या खाली उतरली. आरसा तिने कोणाच्या तरी मांडीवर दिला होता, आणि आपलं मत द्यायची वेळ आली आहे असं तिला वाटलं होतं. तोंडात पेटलेली विडी. आज कोणी पेट्रोलच्या इंजिनावर विडी घेऊन वाकला तर मी त्याला काठीने मारीन, पण तेव्हा आत्याला अडवणारा जन्मला नव्हता. ती माझ्या खांद्यावरून वाकली, धूर सोडला आणि म्हणाली, "काहून भुकते रे ही?" मी तिला ढकलायला वळलो आणि थांबलो. धूर वर जात नव्हता. तो सरकत होता, खाली, एका बाजूला, नागिणीसारखा वाकडा होऊन कारबोरेटरच्या बुडाखाली शिरत होता. जिथे केसही शिरायला नको तिथे आत्याचा सगळा झुरका बुढी पिऊन टाकत होती.

मी आत्याच्या तोंडातली विडी ओढून लांब फेकली. ती भडकली. मी खांद्यावरचा दुपट्टा पाण्याच्या कळशीत बुडवला, पिळला आणि कारबोरेटरच्या बुडाभोवती दाबून धरला. मामाला ओरडून सांगितलं, पाय काढ. मामाने भीत भीत पाय काढला. आणि बुढी उभी राहिली. एका सुरात. ना चढली, ना उतरली, जशी मांजर उन्हात बसून घुरघुरते. दुपट्टा उचलला की पुन्हा उचकी. दाबला की मांजर. मी तीनदा उचलला आणि तीनदा दाबला, फक्त मजा म्हणून, आणि मग मला असं हसू आलं की इंजिनावरच डोकं टेकवलं. आमचा नवरदेव वेडा झाला, असं आई कोणालातरी म्हणाली.

कारबोरेटर उतरवून मी चादर सोडली, इंदूचा आरसा तणसावर आडवा ठेवला आणि त्यावर ते बूड टेकवलं. आरशात पाहिलं तर मधोमध उजेडाची फट. बोल्टांच्या भोकांचे दोन्ही कान खाली वाकलेले, मधला भाग वर उचललेला, आणि त्या फटीतून हवा शिरायची. मामाने फट पाहिली, मी मामाकडे पाहिलं, दोघांनी विषय बदलला. हत्यारपेटीत थोडा पॉलिशपेपर होता. तो ओला करून आरशावर चिकटवला, काच म्हणजे सपाट, तिच्याइतकं सपाट काही त्या रस्त्यावर नव्हतं, आणि बूड त्यावर गोल गोल घासायला लागलो. माझे हात भरून आले तेव्हा मामाने घासलं. मामा दमला तेव्हा बाया पुढे सरसावल्या. जात्यावर बसल्यासारख्या समोरासमोर बसल्या आणि आत्याने फर्मान काढलं की नवरदेवाने नाव घेतल्याशिवाय एक फेरा पुढे जाणार नाही. मी म्हणालो, मला येत नाही. मग तिनेच घेतलं, माझ्यातर्फे:

"घासून घासून निघाली जस्ताची पूड,
इंदूसाठी सरळ केलं कारबोरेटरचं बूड."

बळीरामजी झाडाखाली हसले. आवाज नाही केला, पण दोर मांडीवरून घसरला. तिकडे भोंगा सांगत होता की भात निवतो आहे आणि ज्यांना घाई असेल त्यांनी तसं सांगावं.

जुनं गॅस्केट चिंध्या होऊन पडलं होतं. नवं कशाचं करायचं यावर माझी नजर साडीच्या खोक्यावर गेली. पुठ्ठा जाड, कोरा. साडी काढून आईच्या पदरात दिली. पुठ्ठा बुडावर ठेवून हातोडीने काठाकाठाने हलके ठोकलं की आकार आपोआप कापून निघतो. धुण्याचा साबण थुंकी लावून दोन्ही बाजूंना चोळला. साबणाला पेट्रोल विरघळवू शकत नाही, हे ज्याला माहीत नाही त्याने हसावं. वर कारबोरेटर बसवला आणि मामाने सवयीने पान्याला नळी लावली.

"दे मले," आई म्हणाली.

तिने पाना घेतला, नळी काढून तणसात टाकली. तोवर तिने बुढीला हात लावलेला नव्हता, आणि मी लावू दिला नव्हता. एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, पुन्हा पहिला. दोन बोटांनी. विडीला दोरा आवळताना तिचं मनगट जसं थांबायचं, तसंच थांबलं. तिने पाना परत दिला आणि आपल्या जागी जाऊन बसली. मी नाही म्हणालो नाही. माझे हात काळे होते, म्हणून.

मग हात पेट्रोलने धुतले, मातीने घासले, साबणाने घासले, तरी नखं काळीच राहिली. सदरा घातला. पँटच्या गुडघ्यावर ग्रीसचा एक ठसा होता, आत्याने त्यावर पिठूळ चुना चोळला आणि तो अजून ठळक केला. किल्ली फिरवली. बुढी चालू झाली, पाय काढला, आणि ती चालूच राहिली. मग जो गलका झाला तो कुहीत आमच्यापेक्षा आधी पोचला असावा. बळीरामजींनी बैलांचं तोंड गावाकडे केलं आणि म्हणाले, मी मागून येतो, तुम्ही पुढं जा. जाताना त्यांना मागे टाकलं तेव्हा ते फेटा एका हाताने धरून, धुळीत, बैलांना काहीतरी सांगत होते आणि बैलही ऐकत होते.

मांडवाच्या तोंडाशी मी गाडी आणली आणि थांबलो. उडी मारली, पण किल्ली काढली नाही. ती काढायची माझी इच्छाच होत नव्हती. चालू राहू द्यायची, सगळ्यांनी ऐकायची. कोराडीवाले पुढच्याच सतरंजीवर बसलेले. तो पावरहाऊसातला मुलगा उठून बॉनेटजवळ गेला, कान दिला, आणि परत येऊन आपल्या बापाशेजारी बसला. इंदूला आणलं. आम्ही आणलेली पांढरी साडी, डोक्यावर पदर, ओठ सुकलेले. बौद्धाचार्य उभे राहिले, मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर बुढीकडे पाहून म्हणाले की आधी ती गाडी बंद करा, आवाज होतो.

मी जागचा हललो नाही. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आणि माझ्या शेजारून, खाली घातलेल्या मानेतून, पण पार शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज आला.

"राहू द्या चालू."

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो हा. बौद्धाचार्यांनी तिच्या बापाकडे पाहिलं. बळीरामजी नुकतेच पोचलेले, दारातच उभे. त्यांनी मान हलवली. मग काय, बौद्धाचार्य गळा ताणून म्हणायला लागले आणि त्यांच्यामागून आम्ही पंचशील ओरडून घेतलं. प्रतिज्ञा ओरडून घेतल्या. अशी मोठ्याने कबूल केलेली लग्नं मी नंतर पाहिली नाहीत. हार घालताना तिला माझ्या हातांचा पेट्रोलचा वास आला असणार, कारण तिचं नाक किंचित हललं. मग कोणीतरी तिला पाण्याचा पेला दिला आणि तिने तो उभ्यानेच एका दमात संपवला.

पंगती बसल्या. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. आम्ही दोघं शेजारी, मधे एकच पत्रावळ, आणि बाहेर बुढी तिच्या एका सुरात. मी बुंदीचा पहिला घास उचलला आणि आवाज बंद झाला. उचकी नाही, फट नाही. नुसता थांबला. मांडवात एवढी शांतता झाली की मागे कोणीतरी वरण भुरकलेलं ऐकू आलं. मला लगेच कळलं. पेट्रोल संपलं होतं. कुहीत तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, जवळचा पंप उमरेडच्या रस्त्यावर, आणि आमची सारी वस्ती जेवून इंदोऱ्याला परत जायची होती. इंदूने पहिल्यांदा मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे, ओठांवर पाण्याचा ओलावा.

"आता काय करता जी?" ती म्हणाली.

आणि आम्ही दोघं असे हसलो की माझ्या हातातली बुंदी तिच्या पदरात सांडली.